प्रश्न बसला

भूकंपानंतर हरवलेल्यांची चौकशी मदतकेंद्रातल्या संगणकावरच करता येई. प्रत्येकाच्या नोंदीत कोणते रकाने आहेत हे तो आधीच तपासे. नसलेल्या रकान्याबद्दल विचारलं की प्रश्न लाल होई आणि पुढे जातच नसे.

“माझी मुलगी ऋजुता कोणत्या वॉर्डात आहे?” सुजाताबाईंनी विचारलं. प्रश्न लाल झाला.

“काकू, प्रश्न असा नसतो विचारायचा. थांबा, मी बसवून देतो,” ऑपरेटर ओजस म्हणाला. त्याने ‘वॉर्ड’ खोडून ‘छावणी’ घातलं, मग ‘फोन’. दोन्ही वेळा लालच.

शेवटी त्याने संगणकाने सुचवलेला रकाना न वाचताच निवडला. प्रश्न हिरवा झाला.

“बघा, बसला की नाही!” त्याने हसत पडदा त्यांच्याकडे वळवला.

सुजाताबाईंनी वाचलं: ऋजुताला अग्नी कुणी दिला?