पूर्ण नाव

"आई गेल्याचा दाखला दिलात. वडिलांचा?" अंबरीश निमकरांनी विचारलं.

"वारले नाहीत," अरुणा म्हणाली. "सोडून गेले."

"होम ऑफिसच्या लेखी त्यात फरक आहे."

"पोरीच्या लेखी नसेल?"

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या हाय स्ट्रीटवर, दुकानाच्या वर निमकरांचं व्हिसा सल्ल्याचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. दुसऱ्या टेबलावर त्यांची बायको वैभवी अर्ज टाइप करत होती. अरुणाची बहीण अक्षया जानेवारीत साताऱ्यात वारली. तिची मुलगी सिया तेव्हापासून शेजाऱ्यांकडे होती. जुलैत ती अठराची होणार. त्याआधी ती अनाथ ठरली नाही, तर मावशीला तिला इकडे आणता येणार नव्हतं.

महिन्यापूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कीर्तन झालं होतं. ध्रुवाचं आख्यान. बापाच्या मांडीवरून उतरवलेलं ते पाच वर्षांचं पोर बुवांनी असं उभं केलं, की झांजासुद्धा दबकून वाजल्या. शेवटी यंदाच मंडळात आलेले निमकर डोळे पुसत आभार मानायला उठले. मंडळातल्यांच्या व्हिसाच्या अडचणी आपण आनंदाने बघतो, म्हणाले. एरवी बुक्का लावून घेतल्याशिवाय न हलणारी अरुणा त्या दिवशी आरतीलाही थांबली नाही. घरी जाऊन तिने अपॉइंटमेंट घेतली.

"मुलीचं पूर्ण नाव?" वैभवीने विचारलं.

"ते शेवटी घेऊ," निमकर म्हणाले.

जन्मदाखला त्यांच्या कोपराखाली होता. वैभवीने कॉपी काढायला हात पुढे केला.

"राहू दे. मी काढतो."

"बघा ना अरुणाताई," वैभवी म्हणाली, "कालच्या केसमध्ये बाप इथेच, हॅरोला. ब्रिटिश पासपोर्ट. त्याने सह्या केल्या, मुलगी येईल. तुम्हाला मात्र हे सगळं."

"हो ना," अरुणा म्हणाली.

"वडिलांचा ठावठिकाणा?" निमकरांनी कागदावरून नजर उचलली नाही.

"तुम्हीच सांगा काय लिहायचं."

पेनाचं टोपण उघडलं, मिटलं. "लागत नाही, असं लिही, वैभवी."

"शोधल्याचा पुरावा?" वैभवीने विचारलं.

अरुणाने फाइल टेबलावर आपटली. परत आलेली पत्रं, पोलीस ठाण्यातली तक्रार, पेपरातली जाहिरात. "बारा वर्षं शोधलं तिने. आता ती गेल्यावर मी पुरावा देते, की तिने नीट शोधलं."

"त्यांचा मुलीशी काही संपर्क?" वैभवीने पुढचा प्रश्न वाचला.

"पाच वर्षांची होती तेव्हा शाळेत सोडलं. न्यायला आले नाहीत. दप्तर घेऊन सहापर्यंत बसली होती."

"संपर्क नाही," निमकरांनी सांगितलं.

"कसला माणूस असेल हो," वैभवी म्हणाली. "समोर आला ना, तर..."

"टाइप कर."

प्रिंटरमधून पत्र आलं. मुलगी अनाथ आहे अशी माझी खात्री आहे, असं त्यात लिहिलं होतं. निमकरांनी खाली सही केली. अरुणाने सही नीट पाहिली, पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"ते अर्जासोबत लागेल," निमकर म्हणाले.

"असू दे माझ्याकडे."

स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

"अहो, नावाशिवाय पुढे जात नाही," वैभवी म्हणाली. "सांगा ताई. आधी मुलीचं, मग वडिलांचं, मग आडनाव."

अरुणाने निमकरांच्या कोपराखालचा दाखला ओढला आणि वैभवीसमोर ठेवला.

"लिही," ती म्हणाली. "सिया अंबरीश निमकर."