रांगेतला चौथा

“दूध उतू चाललंय आणि आमची आपली परेड!” वहिनी पुटपुटल्या. तुकडीत रोज एक माणूस जास्त मोजतो म्हणून धाकट्या दिराला वेडा ठरवून फौजेनं घरी धाडलं होतं. त्याचं मन राखायला घरचे रोज सकाळी अंगणात त्याच्यासमोर रांग धरायचे.

“एक!” सासूबाई कवळीशिवायच ओरडल्या.

“दोन!” तोंडात ब्रश धरून वहिनींचा नवरा.

“तीन!” वहिनी.

“चार!”

आवाज वहिनींच्या मागून आला; मागे कुणीच नव्हतं. नेहमीसारखं सगळ्यांनी घाईघाईनं खोकून घेतलं.

“आज याला वेड्यांच्या इस्पितळात सोडतो,” नवरा म्हणाला.

दिरानं पिशवी उचलली.

“थांबा भावजी,” वहिनी मान चोळत म्हणाल्या, “आधी त्या चौथ्याला जरा मागे उभं करा. रोज माझ्या मानेवर श्वास सोडतो.”