काचेतला आकडा

बंदरापासून टेकडीपर्यंतच्या तीनशे बारा पायऱ्यांवर गाडी चढत नाही, म्हणून शंभर वर्षं अख्खं शहर हमालांच्या पाठीवरून वर गेलं. त्या इतिहासाचं दालन संग्रहालयात उघडायचं ठरलं, तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंनी आपल्याच बापाचा, पोती उचलायचा, मूठ झिजलेला लोखंडी आकडा घरून आणून काचेच्या पेटीत मांडला. खाली पाटी लावली: ‘हमालाचा आकडा. वापरणारा: अज्ञात.’ ऑफिसात तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, बाबा जहाज कंपनीत होते. आता शब्द फिरवायचा तरी कुठल्या तोंडाने?

उद्घाटनाला जुन्या हमालांनाही बोलावणं गेलंय, हे तिला ऐनवेळी कळलं. बाप आला, इस्त्रीचा सदरा घालून. लेकीकडे बघून हसला. तिने नजर चुकवली, तसा पेटीपुढे जाऊन उभा राहिला आणि पाटीवरून बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागला.

मोठे साहेब कौतुकाने जवळ आले. “काय आजोबा, ओळखता का हा आकडा? कोणाचा असेल हो?”



“लिहिलंय की, साहेब. अज्ञात.”

“अरे वा! वाचता येतं तुम्हाला?”

“येतं थोडंफार,” पाटीवरची नजर न काढता म्हातारा म्हणाला. “लेकीनं शिकवलंय.”