ओळख पटली

लाँच बुडाल्याची बातमी आली, तसा भागोजी लाँचवर असलेल्या बायकोची, रंगूची, वाट बघत किनाऱ्यावर जाऊन बसला. पाचव्या दिवशी एका बाईचं प्रेत लागलं. चेहरा राहिला नव्हता, पण हातावर गोंदलेला मोर स्पष्ट दिसत होता. रंगूनं तर सुईच्या भीतीनं कधी गोंदूनच घेतलं नव्हतं.

"ओळख पटली, तर सरकारची रोख मदत मिळेल," पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले. "तुझीच का?"

घरी दोन पोरी उपाशी होत्या.

"व्हय, माझीच," म्हणत भागोजीनं चिता पेटवली.

वर्षभरात घरावर कौलं चढली, दारात म्हैस आली. "रंगूनं जाता जाता तुझं भलं केलं रे!" शेजारचा येसाजी म्हणायचा. भागोजी म्हशीला वैरण टाकायला उठायचा.

एका सकाळी किनाऱ्यानं चालत आलेला एक माणूस ओटीवर टेकला. पोरीनं त्याला दुधाचा चहा दिला.

"दादा, माझी बायको बायजा बी त्याच लाँचवर व्हती. हातावर मोर गोंदलेला. इथं लागलेली बाई तुमचीच ना?"

"व्हय, माझीच."

"बरं. म्हंजी माझी अजून दर्यातच हाय. पुढल्या उधाणाला येतो परत."

तो दर उधाणाला येतो, चहा पितो, तेच विचारतो. भागोजी तेच सांगतो.

रंगूला अजून अग्नी मिळालेला नाही.