तीन नंबरचं बटण

"तीन नंबरचं बटण कोण दाबतं?" राघोत्तमने विचारलं.

प्रमोदिनीबाई दिवाणावर बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले होते. डाव्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती.

"तीन नंबर म्हणजे मी. एक माझा संजीव, दोन ही सून कौमुदी, तीन मी. तुम्हीच तर शिकवलंत."

शिकवलं त्यानेच होतं, टीआरपी मोजणाऱ्या कंपनीतर्फे खोकं बसवायला आला तेव्हा. टीव्हीखालच्या काळ्या खोक्यात घरातलं कोण काय बघतं याची मिनिटामिनिटाची नोंद होत असे. बघायला बसताना ज्याने त्याने आपापल्या नंबरचं बटण दाबायचं. शहरातल्या मोजक्याच घरांत अशी खोकी होती, आणि ती घरं कोणती हे बाहेर कळू द्यायचं नसे. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधला हा फ्लॅट त्यांतला एक.

काल साहेबाने राघोत्तमपुढे कागद टाकला होता. शिकार, मासेमारी आणि डोंगरदऱ्यांतली साहसं दाखवणारं एक परदेशी चॅनेल. दुपारी अडीच ते चार ते साऱ्या चेन्नईत एकाच खोक्यावर लागत होतं. बघणारी व्यक्ती: स्त्री, वय अडुसष्ट. एक खोकं तीन हजार घरांच्या जागी धरलं जाई. म्हणजे कागदावर तीन हजार म्हाताऱ्या रोज दुपारी गळ टाकून बसल्या होत्या.

"चॅनेलवाल्यांनी त्या घरी काहीतरी पोचवलंय," साहेब म्हणाला होता, "आणि पत्ता तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. उद्या लेखी दे." अशाच एका पत्त्यापायी गेल्या वर्षी एकाची नोकरी गेली होती.

राघोत्तमने खोलीभर नजर फिरवली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक मिक्सर होता, अजून प्लॅस्टिकमध्ये.

"हा नवा?"

"माहेरचा," कपड्यांच्या घड्या घालत कौमुदी म्हणाली. "दिवाळीला भावाने पाठवला."

"भाऊ कुठें?"

"वेंगुर्ल्याला."

"इथें मिक्सर मिळत नाहीत?"

"अहो राघोत्तमराव," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "तुमचं ते तंजावरचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी तुम्हांला आपला माणूस म्हटलं, कॉफी पाजली. आज फौजदार होऊन आलात काय?"

"अम्मा, माझ्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून विचारतों. तुम्ही मासे खातां?"

"शिव शिव! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"मग मासे धरतात तें रोज दीड तास बघतां?"

"बघते. बघायला काय होतंय? खायचं थोडंच असतं?"

"डोळ्याला पट्टी असतां?"

"एकच झाकलाय. दुसरा आहे ना."

कौमुदीच्या हातातली घडी तशीच राहिली. "अहो दादा," तिने हळूच विचारलं, "कोणी किती वेळ काय बघितलं ते महिनाअखेरीस कागदावर घरी येतं ना? टेलिफोनच्या बिलासारखं?"

"घरीं कांहीं येत नाही."

"ह्यांच्या नावानेसुद्धा नाही?"

"कुणाच्याच नाही."

तिने सोडलेला श्वास राघोत्तमला ऐकू आला. मनात काही नसलेलं माणूस असं विचारत नाही. त्याने पॅड उघडलं. सकाळी ऑफिसात बसून त्याने त्या चॅनेलचं दोन तासांचं रेकॉर्डिंग मुद्दाम बघितलं होतं.

"सांगा अम्मा. काय दाखवतात?"

"तळं असतं. होडीत दोघं टोपीवाले," प्रमोदिनीबाई न अडखळता म्हणाल्या. "बराच वेळ काही होत नाही. मग मासा लागतो. ओढाताण होते. वर काढला की पट्टीने मोजतात, वजन करतात, फोटो काढतात. आणि परत पाण्यात सोडून देतात."

सगळं बरोबर होतं. जरा जास्तच बरोबर, पाठ केल्यासारखं.

राघोत्तमने जुना फॉर्म काढला. "दुपारी दोन ते चार झोप. हें तुम्हीच लिहवलंत. याच दिवाणावर."

"झोपतेच. भिंतीकडे तोंड करून." त्यांनी मग हनुवटीने त्याच भिंतीतलं काचेचं कपाट दाखवलं. "पण त्या काचेत सगळं दिसतं."

कौमुदी वळली. काचेत टीव्ही दिसत होता. त्याच्यासमोरची जमीन दिसत होती, जिथे ती रोज दुपारी आवाज बंद करून बसायची, तेवढीच जागा. ती कानापर्यंत लाल झाली.

राघोत्तमचं लक्ष काचेकडे नव्हतं. 'पढवलंय' असं लिहिलं तर पत्ता फुटला, म्हणजे त्याच्याकडूनच फुटला. 'बघतात' असं लिहिलं तर साहेब हसेल आणि दुसरा माणूस पाठवेल. तो माणूस मिक्सरपासून सुरुवात करील. त्यापेक्षा देणाऱ्याचं नाव आपणच काढलेलं बरं.

"हें तुम्हांला कुणीतरी पढवलेलं आहे, अम्मा," तो शेवटी म्हणाला. "काचेत बघून कुणाला एवढं सांगतां येत नाही. कोण आला होता? काय देऊन गेला?"

प्रमोदिनीबाईंनी सुनेकडे बघितलं नाही. पदर तेवढा सारखा केला. राघोत्तमने पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.

"नाही हो, कोणी आलं नव्हतं!" कौमुदीचा आवाज एकदम चढला. घातलेल्या घड्या मांडीवरून खाली घसरल्या. "कोण पढवणार त्यांना? काल सात किलोचा होता. जिवंत, असा लखलखीत! दोन्ही हातांत धरला, त्याचा मुका घेतला मेल्याने, आणि दिला सोडून!"