रिकामा कॅच

कत्तलखान्यातला जनावरं टांगून नेणारा पट्टा थांबला तेव्हा डुक्कर एका पायावर उलटं लटकत होतं आणि पुरतं शुद्धीवर होतं. किंचाळत होतं, आणि त्याच्या प्रत्येक हिसक्यासरशी वरची साखळी खणखणत होती.

काचेमागच्या खोलीत प्रोग्रामर बाईच्या स्क्रीनवर लाल ओळ आली. बेशुद्धीचा शॉक बसला नाही.

"परत?" मुकादम आत घुसला. "तुझा प्रोग्राम नासलाय."

"प्रोग्राम नाही, शॉकचं यंत्र नासलंय."

"गेल्या आठवड्यापर्यंत एक एरर नव्हती."

"रोज येत होती. जुना कोड ती पकडून तिथंच गिळायचा आणि पट्टा पुढे ढकलायचा. आता प्रोग्रामच्या भाषेतच ट्राय-कॅच आलंय, ते मी सगळीकडे घातलं. ट्राय चुकलं की काय करायचं, ते कॅचच्या कंसात लिहायचं. शॉक चुकला की पट्टा थांबव, असं कॅचमध्ये लिहिलंय."

खाली सुरीवाला उभा होता. त्याला सगळे नकट्या म्हणत. त्याचं नाक अशाच एका खुराने चेपलं होतं. बेशुद्ध जनावर लाथ मारतं होय रे, म्हणून वर शिव्याही त्यालाच बसल्या होत्या. त्याने उघड्या दाराकडे मान वर केली.

"मॅडम, म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना?"

मुकादमाने लाथेने दार लोटलं.

"कॅच रिकामा कर."

"नाही करणार."

त्याने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. भुवई फुटली, कीबोर्डवर रक्त गळायला लागलं. तिने त्याचं मनगट दातांत धरलं आणि मांस तुटेपर्यंत सोडलं नाही. तो गुरासारखा ओरडला. मग त्याने तिची करंगळी पकडली आणि उलटी वाकवली. मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"अजून नऊ आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "टायपिंगला पुरतात. कमी करू का?"

तिने पुढचं बोट मुठीत लपवायला पाहिलं. त्याने ते सोडवून धरलं.

मग तिने ओळी पुसल्या. दोन कंस उरले, मधे काही नाही.

पट्टा हिसका देऊन निघाला. नकट्या सुरी घेऊन गळ्यापाशी वाकला, तोच खूर त्याच्या हातावर बसला आणि सुरी उडून लांब जाऊन पडली. तो मागे सरला. पट्टा कशाला थांबतोय त्याच्यासाठी? न चिरलेलं जनावर त्याच्यासमोरून उकळत्या पाण्याच्या टाकीकडे सरकत गेलं.

"मॅडम, थांबवा," तो वर धावत येऊन काचेवर हात बडवत म्हणाला. "अहो थांबवा, जितं आहे ते."

ती पट्टा थांबवायच्या बटणाकडे झेपावली. मुकादम बटणाला पाठ लावून उभा होता. त्याने तिला नुसत्या कोपराने खाली पाडलं.

टाकीतून जो आवाज आला तो काचेतूनही आत आला. मग नुसतं पाणी रटरटत राहिलं.

मुकादमाने मनगट पँटला पुसलं, स्क्रीनवर वाकून पाहिलं. लाल ओळ नव्हती.

"बघ," तो म्हणाला, "गेली की नाही एरर?"