वरचा एक इंच

“चार इंच लागतले,” दीपेश वायरमन शिडीवरून म्हणाला. “तीन इंचाचो बोल्ट धरूचो नाय. टीव्ही वैनीच्या नाकार पडात.”

शंकरनं कपाळाला हात लावला. तुळई सहा इंच जाडीची. खालचे तीन इंच त्याचे आणि वरचे तीन इंच थोरल्या भावाचे, दाजीचे.

तोंडवलीतलं हे घर उतारावर आहे. रस्त्याच्या बाजूनं बघितलं तर वरचा मजलाच दिसतो, खालचा अर्धा जमिनीत. नऊ वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली. वर थोरला दाजी, खाली धाकटा शंकर. पंचांनी नारळ मोजले, विहिरीचे वार ठरवले, शेण टाकायच्या शेणकीची जागासुद्धा कागदावर घेतली. मधल्या तुळया मात्र राहून गेल्या. ती दाजीची जमीन की शंकरचं छत? त्यावरून जुंपली, शेवटी अर्धी-अर्धी ठरली, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. खालच्या खोलीला गिलावाही राहिला तो राहिलाच.

आता शंकरची बायको सावित्री पायरीवरून घसरून पाठीवर आपटली होती. डॉक्टरांनी तीन महिने उताणं झोपायला सांगितलं होतं. पडून पडून बाई इतकी विटली, की तुळईतल्या गाठींना तिनं सासरच्या माणसांची नावं दिली. उघड्या चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट धरत नव्हता, भुगा पडत होता. म्हणून टीव्ही छतालाच लावायचा, पडदा खाली करून, बरोब्बर तिच्या तोंडावर.

“वर जावन इचार,” शंकर दीपेशला म्हणाला.

फळ्यांतून सगळं ऐकू येत होतं. वर दाजी खोकला तरी खाली कळायचं. पण रीत म्हणजे रीत. दीपेश दोन मुलांचा बाप, पोट सावरत जिना चढला आणि धापा टाकत उतरला.

“अर्दी तुळई तेंची म्हणतत. तेंच्या अर्ध्यात बोल्ट जाता नये.”

“सांग तेका, एकच इंच!”

दीपेश पुन्हा वर गेला. सावित्री डोळे मिटून पडली होती. शंकरचा जीव तुटत होता. बायकोसाठी तर खराच, पण दादानं एकदा ‘होय’ म्हणावं यासाठीही. नऊ वर्षं तो त्या एका शब्दाची वाट बघत होता, आणि मरेपर्यंत तसं कबूल करणार नव्हता.

दीपेश उतरला. “देतत. पण आपलो इंच बरो आसा काय नाय, ता बघूक रोज सांजेक येतले.”

टीव्ही लागला. संध्याकाळी दाजी बॅटरी घेऊन आला, मान वर करून तुळई बघितली आणि गेला. दुसऱ्या दिवशी मालिका चालू होती. तन्वी नावाच्या मुलीचं लग्न मोडत होतं. दाजीची तपासणी लांबली. चार दिवसांत त्याची मान धरली. पाचव्या दिवशी तो काखेत चटई घेऊन आला आणि सावित्रीच्या खाटेपासून हातभर लांब उताणा झाला. मग शंकरनं तरी उभं का राहावं? तोही पलीकडे आडवा झाला. तिघं ओळीनं छताकडे तोंड करून. कोणी बाहेरून बघितलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

“तन्वीचो नवरो लबाड आसा,” एकदा दाजी छताला म्हणाला.

“एक नंबर लबाड, दादा,” शंकरही छतालाच म्हणाला.

मग काय, सुटलेच दोघे! नवऱ्यावरून सासऱ्यावर, सासऱ्यावरून वाटणीच्या पंचांवर. तीन महिने कसे गेले कळलं नाही.

डॉक्टरांनी सावित्रीला उठायची परवानगी दिली. त्या दिवशी सकाळी ती विहिरीपर्यंत चालून आली. छताचं नाव काढू नका म्हणाली, आता मी माणसासारखी बसून भिंतीवर टीव्ही बघणार. दुपारनंतर, भिंतीत बोल्ट धरावा म्हणून, गुरुप्रसाद गवंडी गिलाव्याला रेती-सिमेंट घेऊन आला.

संध्याकाळी दाजी दारात आला तर अंगणात रेतीचा ढीग.

“टीव्ही भितीर लावतास?” त्यानं विचारलं.

“होय,” शंकर म्हणाला.

“मगे माजो इंच मोकळो झालो.” दाजीनं काखेतली चटई नीट केली. “बरां झाला. उद्यापासून येवची गरज नाय.”

तो वळला. शंकर पायानं रेतीचा ढीग सारखा करू लागला; नऊ वर्षांची खोड, ‘येत जा’ काही म्हणवेना. गुरुप्रसाद थापी हातात घेऊन उभा राहिला.

सावित्री खुर्चीतून उठली, तरातरा खाटेकडे गेली आणि सपशेल उताणी पडली.

“गुरुप्रसादा, रेती घेवन जा,” ती कण्हत म्हणाली. “माजी पाठ परत दुखूक लागली.”